गवतकापणी यंत्राची रीतसर मागणी

कोणत्याही राष्ट्राची सुरक्षितता ही अंतिमतः गवताच्या उंचीवर अवलंबून असते. तोफा, विमानं, रणगाडे यांचं महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु ते वर्षाकाठी फार तर एकदा-दोनदा बाहेर काढावे लागतात. गवत मात्र रोज वाढतं, रविवारीही वाढतं, आणि तपासणी समिती मोटारीतून उतरली की तिला पहिल्यांदा दिसतं ते गवतच. ज्या तळावरचं गवत वेडंवाकडं, त्या तळाची शिस्तही वेडीवाकडी, असं तपासणी नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात नमूद आहे. (रणगाड्यांचा उल्लेख सहाव्या प्रकरणात, एका तळटीपेत येतो.)

आपल्या गोष्टीतल्या लष्करी तळावर बासष्ट एकर गवत होतं आणि त्याची उंची लेखी आदेशाने ठरलेली होती. तळप्रमुखांच्या कचेरीसमोर तीन सेंटीमीटर, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसमोर चार, बराकींसमोर पाच आणि शाळेसमोर ‘मुलांच्या वयास शोभेल इतकी’. हे सगळं सांभाळायचं काम मुख्य माळ्याकडे होतं. त्याला सगळे माळीबुवा म्हणत. माळीबुवांच्या हाताखाली कागदावर चार माळी होते. त्यांपैकी एक जागा रिकामी होती, एक माळी तळप्रमुखांच्या कुत्र्याला फिरवायला उसना दिलेला होता, एकाला गवताची ॲलर्जी होती, आणि चौथा म्हणजे माळीबुवा स्वतःच.

यंत्र एकच होतं. त्याला माळीबुवा ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीची दोरी सात वेळा ओढली की ती सुरू व्हायची आणि आठव्यांदा ओढली की रुसायची, त्यामुळे सातवर थांबायला अनुभव लागे. तिला घेऊन ते या टोकाकडून त्या टोकाला पोहोचेपर्यंत या टोकाचं गवत पुन्हा वाढलेलं असायचं. नोकरी कायमस्वरूपी आहे असं नेमणूकपत्रात लिहिलं होतं, त्याचा अर्थ हाच असावा असं माळीबुवांनी फार पूर्वी मानून घेतलं होतं.

याच तळाच्या मधोमध एक पाच मजली इमारत होती. खालच्या मजल्याला खिडक्या नव्हत्या. गच्चीवर अकरा मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या होत्या. भोवती दुहेरी तारेचं कुंपण, कुंपणाला चार पहारेकरी, आणि फाटकावर ठसठशीत अक्षरांत पाटी होती: ‘केंद्रीय गवतकापणी यंत्र भांडार’. खाली बारीक अक्षरांत: ‘मागणी खिडकी क्रमांक एकवर नोंदवावी’.

ही इमारत देशाच्या गुप्तवार्ता खात्याचं मुख्यालय होती, हे सांगायची खरं म्हणजे गरज नाही. तळावर ते कुणाला सांगायची गरज कधी पडलीच नव्हती. मुख्यालय बांधताना त्याला काय नाव द्यावं यासाठी एक समिती नेमली होती. ज्या वस्तूविषयी ऐकताच माणसाला जांभई येते अशी वस्तू शोधावी, असं समितीचं उद्दिष्ट होतं. चौदा महिन्यांच्या अभ्यासानंतर गवतकापणी यंत्र पहिलं आलं. (दुसऱ्या क्रमांकावर खुद्द समितीचा अहवाल होता.) मग ओघानेच पदांची नावं बदलली. खात्याचे सर्वोच्च प्रमुख हे ‘मुख्य भांडारपाल’ झाले. परदेशांतल्या कारवाया पाहणारे ‘साहाय्यक भांडारपाल, ब्लेड व तत्सम’. संकेतलिपी उकलणारा विभाग ‘गंज व वंगण’.

गुप्तता इतकी कडक होती की तळावरच्या प्रत्येक माणसाला ती पाठ होती. कोण कुठल्या देशात गेलंय आणि किती दिवसांसाठी, हे न्हावी केस कापता कापता सांगायचा. कुणी परत आलं नाही तर धोब्याला आधी कळायचं. माळीबुवांची बायको तळावरच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गातल्या चौदा मुलांनी ‘माझे वडील’ या निबंधात ‘माझे वडील गवत कापायची यंत्रे मोजतात’ हेच एक वाक्य लिहिलं होतं, तेही एकाच अक्षरात, आणि तिने मुकाट्याने चौदा जणांना दहापैकी आठ गुण दिले होते. (एका मुलीने वाक्यापुढे ‘कधी कधी मोजताना त्यांच्या पाठीला गोळी लागते’ अशी भर घातली होती. तिला नऊ मिळाले.)

थोडक्यात, ती पाटी खोटी आहे हे सर्वांना माहीत होतं. ते खरं न मानणारा सबंध तळावर एकच माणूस होता.

माळीबुवांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. न्हाव्याने त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण ‘लोक काय, वाटेल ते बोलतात’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. माळीबुवांचा लिहिलेल्यावर विश्वास होता. बाकावर ‘रंग ओला आहे’ असं लिहिलं असेल तर आपण सगळे बोट लावून बघतो; ते बघत नसत. औषधाच्या बाटलीवर ‘चांगले हलवून घ्यावे’ असेल तर ते बाटली इतकी हलवत की बायको म्हणायची, “अहो, पुरे आता, औषधाला चक्कर येईल.” भांडाराच्या कुंपणाआतलं गवत कमरेएवढं वाढलेलं त्यांना रोज दिसायचं. तिथे जायची परवानगी असलेला एकही माळी नव्हता. पण माळीबुवांनी त्याचाही सरळ अर्थ लावला होता. शिंप्याच्या स्वतःच्या सदऱ्याचं बटण कधी जागेवर असतं का? तसंच हे.

वार्षिक तपासणीला तेवीस दिवस राहिले असताना म्हातारी बंद पडली. माळीबुवांनी दोरी सात वेळा ओढली. मग आठ वेळा. मग सतरा वेळा. तिने एकदा खोकल्यासारखा आवाज केला, पोटातून एक नट बाहेर टाकला आणि गप्प झाली.

माळीबुवा तिच्याशेजारी गवतात बसले. मागच्या दोन तपासण्यांत ‘गवत असमाधानकारक’ असा शेरा पडला होता. तिसऱ्यांदा पडला की बदली, हा नियम होता, आणि बदलीची जागाही ठरलेली होती. दोन दिवसांचा रस्ता आणि वर एक होडी केल्यावर एक खडकाळ ठाणं लागतं. तिथे गवताचं पातं नाही, पण मुख्य माळ्याचं पद मंजूर आहे आणि पद रिकामं ठेवता येत नाही. आधीचा माळी तिथे नऊ वर्षं दगडांना पाणी घालत होता. त्याने पाठवलेल्या शेवटच्या मासिक अहवालात ‘दगडांची वाढ समाधानकारक’ असं लिहिलं होतं, आणि त्यावर वरिष्ठांचा ‘उत्तम’ असा शेरा होता.

इथे बायकोची शाळा होती. फाटकाबाहेर दहा मिनिटांच्या अंतरावर लेक राहायची, आणि तिची आठ महिन्यांची मुलगी रोज संध्याकाळी बाबागाडीतून माळीबुवांच्या बरोबर सगळ्या हिरवळींची पाहणी करायची. ती या माणसाच्या दिवसातली सर्वांत आनंदाची वेळ होती. होडीत बाबागाडी चढत नाही हे त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोणत्याही समंजस माणसाने केलं असतं ते केलं. मागणीपत्र नमुना अकरा तीन प्रतींत भरला, धुतलेला सदरा घातला आणि ते केंद्रीय गवतकापणी यंत्र भांडारात गवत कापायचं यंत्र मागायला गेले.

खिडकी क्रमांक एक खरोखरच होती. ती केवळ देखाव्यासाठी बसवलेली होती आणि तिच्या घंटेवर कोळ्याने तीन पिढ्यांचा संसार थाटला होता. माळीबुवांनी घंटा वाजवली. आतल्या पहारेकऱ्याने आधी बंदुकीकडे आणि मग नियमपुस्तिकेकडे हात नेला. खिडकीशी कुणी फोटो काढू लागला तर काय करावं, कुणी रहस्य विचारलं तर काय करावं, कुणी बेशुद्ध पडल्याचं नाटक केलं तर काय करावं, हे सगळं पुस्तिकेत होतं.

“काय पाहिजे?” तो म्हणाला.

“गवत कापायचं यंत्र.”

पहारेकऱ्याने पुस्तिकेची पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

“कशाचं यंत्र?”

“गवत कापायचं. एक नग. दोन जादा ब्लेड. तपासणी आहे हो, जरा लवकर झालं तर बरं.”

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिन्ही प्रती घेतल्या. आवक नोंदवही शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली. ती कोरी करकरीत होती. आवक क्रमांक एक.

जेवताना माळीबुवांनी बायकोला सगळं सांगितलं. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“अहो, तुम्ही खरंच तिथे गेलात?”

“मग कुठे जाणार? भांडार तेच आहे ना.”

“अहो, ते भांडार नाहीये! ते...” तिने उठून खिडकी लावली आणि आवाज खाली आणला. “ते गुप्तवाले आहेत. सगळ्यांना माहितीये.”

“मग पाटी कशाला लावलीय?”

“लोकांना कळू नये म्हणून.”

“पण तू म्हणतेस सगळ्यांना माहितीये.”

बायको अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवत होती, पण या प्रश्नापुढे तिने हात टेकले. “उद्या जाऊन अर्ज परत घेऊन या,” ती म्हणाली. “माझं ऐका.”

“सरकारी पाटी आहे,” माळीबुवा शांतपणे म्हणाले. “सरकार उगाच कशाला खोटं लिहील?”

यावर तिला आधी हसू आलं आणि मग का कोण जाणे, थोडं रडूही आलं.

तिकडे भांडारात सर्व रजा रद्द झाल्या. पाचव्या मजल्यावर मुख्य भांडारपालांच्या अध्यक्षतेखाली बैठक बसली. तिची विचारसरणी इतकी निर्दोष होती की ती जशीच्या तशी देणंच योग्य. हे यंत्रांचं भांडार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. अर्जदार हा सर्वांपैकी एक आहे. म्हणजे अर्जदारालाही ते ठाऊक आहे. तरी तो यंत्र मागतो. म्हणजेच तो यंत्र मागत नाही. मग तो काय मागतो?

हा प्रश्न गंज व वंगण विभागाकडे सोपवण्यात आला. आठवड्याभराने तीनशे चाळीस पानी अहवाल आला. ‘गवत’ म्हणजे जनता, यावर सतरापैकी अकरा तज्ज्ञांचं एकमत झालं. ‘दोन जादा ब्लेड’ म्हणजे दोन हस्तक. ‘जरा लवकर झालं तर बरं’ या एकट्या वाक्यावर नव्वद पानं होती. कारण सरकारी खिडकीशी इतक्या सौम्य भाषेत कोणी बोलत नाही, तेव्हा हा परवलीचा शब्द असलाच पाहिजे. एका तरुण विश्लेषिकेने ‘कदाचित त्यांचं यंत्र बिघडलं असेल’ असं समासात पेन्सिलीने लिहिलं होतं. तिला विश्रांतीसाठी घरी पाठवण्यात आलं.

दरम्यान माळीबुवांवर पाळत बसली. सहा निवडक हस्तक हंगामी माळ्यांच्या वेषात झुडपांमागे दबा धरून राहिले. कापणी थांबल्यामुळे गवत चांगलं वाढलं होतं, त्यामुळे दबा धरायला जागाही भरपूर झाली होती. पहिल्याच दिवशी माळीबुवा झुडपाजवळ आले आणि म्हणाले, “बसू नका तिथे, कालच खत घातलंय. आणि बसलाच आहात तर ते तण काढा.” हस्तकांनी एकमेकांकडे पाहिलं. नकार दिला तर वेष उघडा पडणार. त्यांनी तण काढलं. दुसऱ्या दिवशी वाफे खणले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गुप्त अहवालात ‘संशयिताचा शत्रुराष्ट्राशी संपर्क आढळला नाही. गुलाबाची छाटणी कलमाच्या वर करावी’ अशी नोंद दिसते.

तपासणीला चौदा दिवस उरले तेव्हा माळीबुवांना आत बोलावण्यात आलं. यंत्र द्यायला बोलावलंय असं समजून ते ढकलगाडी घेऊन गेले.

खोलीत एक टेबल, एक दिवा आणि खोटं पकडायचं यंत्र होतं. समोर मुख्य भांडारपाल स्वतः बसले होते. ते दिसायला बँकेत टोकन देणाऱ्या माणसासारखे होते आणि याचा त्यांना अभिमान होता.

“यंत्र कशाला हवंय?” त्यांनी विचारलं.

“गवत कापायला, साहेब.”

सुई हलली नाही. साहाय्यकाने यंत्रावर टिचकी मारली.

“कोणाचं गवत?”

“तळाचं. वीत वीत झालंय हो. तपासणीत शेरा पडला तर बदली होईल माझी.”

“आणि ते यंत्र इथे मिळेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? पाटीवर लिहिलंय की.”

सुई जागची हलली नाही. खोटं पकडायचं यंत्र दुरुस्तीला पाठवण्यात आलं, दुसरं आणलं, त्याचीही सुई हलली नाही. मुख्य भांडारपालांनी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी दुहेरी हेर पाहिले होते, तिहेरी पाहिले होते, आणि एक तर इतके पदर असलेला पाहिला होता की शेवटी तो आपल्याच बाजूचा निघाला. पण सरकारी पाटीवर लिहिलेलं खरं मानणारा माणूस ते प्रथमच पाहत होते.

“म्हणजे तुम्ही पाटी वाचली,” ते सावकाश म्हणाले, “आणि आत आलात.”

“हो.”

“बाप रे,” मुख्य भांडारपाल म्हणाले. हा शब्द इतिवृत्तातून नंतर वगळण्यात आला.

त्या दिवशीच्या गोपनीय टिपणीचा सारांश असा. या इसमापुढे देशाची गुप्तता सर्वस्वी असहाय आहे. ती आजवर टिकली ती कुंपणामुळे किंवा पहाऱ्यामुळे नव्हे, तर पाटीवर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून. याला यंत्र नाकारावं, तर ‘भांडारात यंत्र नाही’ असं लेखी द्यावं लागेल, आणि यंत्र नसलेलं भांडार चालवल्याबद्दल चौकशी लागेल. सबब, यंत्र देण्यावाचून गत्यंतर नाही.

यंत्र मात्र कोणाकडे नव्हतं. बाजारातून आणावं, तर गवतकापणी यंत्रांचं केंद्रीय भांडार गवतकापणी यंत्र विकत घेतंय हे कोणाच्या लक्षात आलं असतं तर शोभा झाली असती. मग ज्या विभागाने शर्टाच्या बटणात कॅमेरा आणि दाताच्या कवळीत रेडिओ बसवला होता, त्याच विभागाने नऊ दिवस आणि नऊ रात्री खपून यंत्र बनवलं. ते अप्रतिम होतं. त्याचा आवाज होत नसे. ते रडारवर दिसत नसे, चालू असताना साध्या डोळ्यांनाही दिसत नसे. कापलेल्या गवताची ते तत्काळ विल्हेवाट लावी, त्यामुळे गवत कापलं गेलं आहे हे न्यायालयात सिद्ध करता आलं नसतं. चाळीस मीटरच्या परिसरातलं सगळं संभाषण ते टिपून ठेवी. आणि ते शत्रूच्या हाती लागलंच, तर वितळून त्याची साधी बादली होई.

असं यंत्र साहजिकच अतिगोपनीय ठरलं. अतिगोपनीय वस्तू हाताळायला परवाना लागतो, आणि परवान्याच्या चौकशीला अकरा महिने लागतात. तपासणीला पाच दिवस राहिले होते.

“मग माझ्या काय उपयोगाचं ते?” माळीबुवा खिडकीशी येऊन म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “पाच दिवसांनी मला होडीत बसवतील, आणि तुम्ही परवाना घेऊन किनाऱ्यावर याल होय? नात आहे हो मला, साहेब.”

हे वाक्य गंज व वंगण विभागाकडे उकलायला पाठवलं गेलं. या वेळी मात्र ते तसंच परत आलं, सोबत ‘अर्थ जो आहे तोच आहे’ असा शेरा. (विश्रांतीला पाठवलेली विश्लेषिका त्या दिवशी कामावर रुजू झाली होती.)

तोडगा निघाला. परवाना असलेल्यांनी गवत कापायचं. परवाना नसलेल्याने देखरेख करायची, पण यंत्र न पाहता. चार दिवस तळावरच्या लोकांनी जे दृश्य पाहिलं ते असं: पुढे डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेले माळीबुवा, हातात मोजपट्टी; मागे साहाय्यक भांडारपाल, ब्लेड व तत्सम, हवेत काहीतरी ढकलल्यासारखे वाकून चाललेले; आणि त्यांच्या मागे सहा हस्तक, दाताळे घेऊन. माळीबुवा दर दहा पावलांवर खाली बसायचे, गवतावरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, “डावीकडे राहिलंय.” ते खरोखरच राहिलेलं असायचं. त्या चार दिवसांचं ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. त्यात ‘हळू. अहो हळू. देश कुठे पळून जात नाही’ या वाक्यापलीकडे राष्ट्रहिताचं काही आढळत नाही.

तपासणी समिती आली. मोटारीतून उतरली. समितीच्या अध्यक्षांनी गुडघ्यावर बसून मोजपट्टी लावली, आणि ती तीन सेंटीमीटर म्हणजे तीन सेंटीमीटर भरली. शाळेसमोरचं गवत मुलांच्या वयास शोभत होतं. माळीबुवा बाजूला उभे होते.

“उत्कृष्ट,” अध्यक्ष म्हणाले. “यंत्र कुठलं?”

“भांडारातलं, साहेब.”

अध्यक्ष मोठ्याने हसले. समिती हसली. मग अध्यक्षांनी माळीबुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. “तिथे मागितलं की मिळतं?” त्यांनी हळूच विचारलं.

पुढच्या महिन्यात भांडाराकडे निरनिराळ्या तळांवरून सहाशे बारा मागणीपत्रं आली. ती नाकारायची सोय उरली नव्हती; आवक क्रमांक एक मंजूर केल्याचा दाखला सर्वांनी जोडला होता. इमारतीचा पहिला मजला जुळणीला दिला, मग दुसरा. गच्चीवरच्या तबकड्या आडव्या करून त्यांत नटबोल्ट वाळत घालायला सुरुवात झाली. कर्मचाऱ्यांची प्रकृती सुधारली. ज्यांनी पंचवीस वर्षं आपण काय करतो हे घरी सांगितलं नव्हतं, ते जेवताना ब्लेडच्या धारेविषयी इतकं बोलू लागले की घरच्यांनी जुने दिवस बरे होते असं म्हटलं. मुख्य भांडारपालांना एका तळावरून आभाराचं पत्र आलं. त्यांनी ते चौकटीत बसवलं आणि दार लावून घेतलं. (डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, असं त्यांनी मागाहून कळवलं.)

हेरगिरीचं जे थोडंफार काम उरलं होतं ते सायकलींच्या जुन्या शेडमध्ये हलवण्यात आलं. आता त्या शेडवर कोणती पाटी लावावी? समिती पुन्हा बसली. खोटी पाटी लावली तर माळीबुवा तिच्यावर विश्वास ठेवून आत येतील, हा धोका आता सिद्ध झाला होता. खरी लावली तर बाकी कोणी विश्वास ठेवणार नाही. गणित सोपं होतं. शेडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: ‘गुप्तवार्ता खाते, मुख्यालय. चौकशी येथे करावी.’

देशाची गुप्तता इतकी भक्कम कधीच नव्हती. लोक पाटी वाचत आणि आत स्वच्छतागृह असावं, तेही बंद, असं समजून पुढे जात. दोन परदेशी हेर पाटीसमोर उभं राहून एकमेकांचे फोटो काढून गेले. त्यांच्या मुख्यालयाने ‘हा उघड बनाव दिसतो’ असा निष्कर्ष काढला.

आत आले ते फक्त माळीबुवा. सदरा धुतलेला होता. बाबागाडी बाहेर शेडच्या सावलीत लावलेली होती.

“चौकशी करायची होती,” ते म्हणाले. “माझ्या बदलीचं काय ठरलंय?”

टेबलामागे ती विश्लेषिका बसली होती. नियमाप्रमाणे तिने काहीच सांगायला नको होतं; पण पाटीवर लिहिलेलं होतं, आणि पाटीप्रमाणे वागायची सवय खात्याला आता जडली होती. तिने फाइल काढली.

“तुमची बदली होणार नाही, काका. कधीच नाही. शासकीय पाट्यांवर विश्वास ठेवणारा माणूस म्हणून तुम्ही राष्ट्रीय धोका आहात. तुम्हाला डोळ्यांसमोरून हलवायचं नाही, असा आदेश आहे.”

“लेखी आहे?”

“लेखी आहे.”

माळीबुवांनी आदेशाची एक प्रत मागून घेतली. मग बाहेर जाऊन त्यांनी नातीला उचललं आणि तिला तो आदेश सबंध वाचून दाखवला, सही-शिक्क्यासकट. घरी बायकोने तो दोनदा वाचला. ती म्हणाली, “या वेळेला माझाही विश्वास बसला, बघा.”

खातं मात्र स्वस्थ बसलं नाही. असा एक असेल तर आणखीही असतील, या शंकेने देशभर शोधमोहीम निघाली. गावोगावच्या कचेऱ्यांवर मुद्दाम पाट्या लावण्यात आल्या: ‘तक्रारी येथे ऐकून घेतल्या जातात’, ‘आपले स्वागत आहे, आत या’, ‘साहेब जागेवर आहेत’. प्रत्येक पाटीसमोर एक हस्तक बसवला आणि कोण आत शिरतं याची नोंद तीन वर्षं ठेवली. चार कोटी नागरिक त्या पाट्यांवरून गेले. आत शिरला एक, आणि चौकशीअंती तोही उन्हातून सावलीला आला होता असं निष्पन्न झालं. धोकादायक व्यक्तींच्या यादीत त्यामुळे अजूनही एकच नाव आहे.

तुम्ही अशा तीन पाट्यांवरून गेलात. नोंदीप्रमाणे तुम्ही थांबलात, वाचलंत, किंचित हसलात, आणि घड्याळ बघून पुढे निघालात. तेव्हा घाबरायचं कारण नाही. तुमच्या नावापुढे ‘निर्धोक’ असा शेरा मारून तुमची फाइल कायमची बंद करण्यात आली आहे.